पासबुकातले रिकामे रकाने

सहकारी पतसंस्थांचे जुने प्रोग्रॅम सांभाळणं, दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. मोठ्या बँकांचं काम मोठ्या कंपन्या बघतात. तालुक्याच्या गावातल्या दोन-तीन शाखांच्या पतसंस्थेचा प्रोग्रॅम मात्र बहुधा एकाच माणसाने कधीतरी लिहून दिलेला असतो. पुढे तो माणूस नोकरीसाठी पुण्याला जातो आणि प्रोग्रॅम गावात राहतो. सांगली-कोल्हापूर भागात असे बरेच प्रोग्रॅम मला डेल्फीत लिहिलेले सापडले. बोरलँड कंपनीने १९९५ साली डेल्फी आणलं. भाषा पास्कल, फॉर्मवर बटणं, चौकटी माऊसने ओढून ठेवायच्या, एफ-नाइन दाबलं की क्षणात चालणारी एक्झी फाइल तयार. कॉलेजात पास्कल शिकलेल्या पिढीच्या ते चटकन हातात बसलं. २००२ सालची सातवी आवृत्ती तर इतकी टिकली की तिच्यावर केलेल्या किर्द-खतावण्या अजून चालू आहेत.

२०१४ च्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने बंद केला. माझ्याकडच्या एका संस्थेने त्याच सुमारास नवी यंत्रं घेतली आणि संचालक मंडळाने ठरवलं की प्रोग्रॅमही नव्या डेल्फीत आणायचा, आणि सभासदांची नावं खऱ्या मराठीत, म्हणजे युनिकोडमध्ये साठवायची. ते काम माझ्याकडे आलं. त्यात जे शिकले ते सांगावंसं वाटतं. संस्था तेव्हापासून व्यवस्थित चालली आहे, पण तसंच काम आज दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर पडलेलं असणार.

सुरुवातीचे एरर सोपे असतात. पडद्यावर तक्ता दाखवणारा जुना ग्रिड कंपोनंट फक्त कंपाइल केलेल्या रूपात होता, त्याचा मूळ कोड म्हणजे सोर्स नव्हता. डेल्फीत अशी फाइल ज्या आवृत्तीत तयार झाली त्याच आवृत्तीत चालते. कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या नव्या कंपायलरने 'हे युनिट वेगळ्या आवृत्तीशी जुळवलेलं आहे' म्हणून ती नाकारली. कंपोनंट विकणारे कधीच व्यवसायातून उठले होते. तो काढून साधा ग्रिड बसवला. अशा एररचा मला त्रास वाटत नाही. कंपायलर ओळ दाखवतो, कारण सांगतो आणि ते दुरुस्त होईपर्यंत पुढे जाऊ देत नाही.

खरं काम वॉर्निंगपासून सुरू होतं. डेल्फी २००९ पासून स्ट्रिंगचा अर्थच बदलला. आधी एका अक्षराला एक बाइट होता, त्या आवृत्तीपासून दोन झाले. कोडमध्ये शब्द तोच राहिला, त्यामुळे जुनं कोड बहुतांशी विनातक्रार कंपाइल होतं आणि खाली वॉर्निंगची लांबलचक यादी उमटते. त्यातली डब्ल्यू १०५८ ही वॉर्निंग सांगते की इथे युनिकोड मजकूर जुन्या एकबाइटी स्ट्रिंगमध्ये टाकला जातोय, माहिती गळू शकते. गळते म्हणजे काय ते सभासद फॉर्मवर लगेच दिसलं. 'शिर्के' नाव टाइप करून जतन केलं, पुन्हा उघडलं, तर नावाच्या जागी सहा प्रश्नचिन्हं. श, ऱ्हस्व वेलांटी, र, हलन्त, क आणि मात्रा अशी ती सहा. विंडोजमध्ये जुन्या स्ट्रिंगसाठी जे सिस्टिम कोडपेज (बाइट आणि अक्षरं जुळवणारा तक्ता) निवडता येतात, त्यांत देवनागरीचं एकबाइटी कोडपेज नाही; म्हणून देवनागरी मजकूर वाटेत एका जरी जुन्या स्ट्रिंगमधून गेला तरी त्याचं प्रश्नचिन्ह होतं आणि मूळ अक्षर कायमचं जातं. सभासदाच्या रेकॉर्डमध्ये नावाचं घर चाळीस अक्षरी शॉर्टस्ट्रिंगचं होतं. ती नव्या आवृत्तीतही एकबाइटीच राहिली आहे.

या टप्प्यावर वॉर्निंग बंद करून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. एक टिक काढली की यादी कोरी होते, आणि काम झाल्यासारखं वाटतं. मला ते मुळीच मान्य नाही. लोकांच्या ठेवींचे हिशेब ज्या प्रोग्रॅममध्ये आहेत, त्यात प्रत्येक वॉर्निंग वाचून तिचा निकाल लावलाच पाहिजे, मग कितीही वेळ लागो. मी युनिटमागून युनिट घेऊन यादी निपटली.

त्यानंतर पासबुकाची तक्रार आली. शाखेत डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पासबुक छापतात. ओळ ऐंशी खणांची: तारीख, तपशील, मग नावे, जमा, शिल्लक. नवा प्रोग्रॅम चाचणीसाठी चालवला तेव्हा तारीख आणि तपशील नीट छापले गेले आणि उजवीकडचे तिन्ही रकाने कोरे राहिले. शाखेतल्या मंडळींना साहजिकच प्रिंटरचा संशय आला. रिबन बदलली, केबल बदलली, हेड पुसून घेतलं. स्क्रीनवर सगळे आकडे बरोबर दिसत होते, त्यामुळे प्रोग्रॅमकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

अशा वेळी तर्क करत बसण्यापेक्षा प्रिंटरपर्यंत नेमकं काय पोचतंय ते पाहावं. या प्रिंटरमध्ये दोन बटणं दाबून धरून वीज चालू केली की तो मजकूर न छापता आलेला प्रत्येक बाइट हेक्स आकड्यात छापतो. तसं केलं. तारखेतल्या '०५' च्या जागी कागदावर उमटलं: ३० ०० ३५ ००. तीस म्हणजे शून्य, पस्तीस म्हणजे पाच, आणि प्रत्येक आकड्यामागे एक रिकामा बाइट. कोडमध्ये विंडोजच्या छपाईच्या फंक्शनला ओळीचा मेमरीतला पत्ता आणि लांबी दिली होती. लांबी अक्षरांत मोजलेली, ऐंशी. फंक्शनला हवे होते बाइट, आणि ते आता एकशेसाठ होते. ऐंशी बाइट गेले, म्हणजे चाळीसच अक्षरं गेली, मधले रिकामे बाइट प्रिंटरने सोडून दिले आणि ओळीचा उजवा अर्धा भाग छापलाच नाही. त्या फंक्शनला नुसता पत्ता लागतो, त्या पत्त्यावर कुठल्या प्रकारचा मजकूर आहे याची चौकशी ते करत नाही. म्हणून या जागेवर एररही नव्हता, वॉर्निंगही नव्हती.

दुरुस्ती दोन ओळींची होती: ओळ आधी एकबाइटी स्ट्रिंगमध्ये घ्यायची आणि तिचा पत्ता द्यायचा. पासबुक इंग्रजीत छापत असल्याने तिथे काही गळण्याचा प्रश्न नव्हता. पण त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. जिथे जिथे कोड नुसत्या पत्त्याशी बोलतं, म्हणजे मेमरी हलवणं, भरणं, फाइलमध्ये कच्चे बाइट लिहिणं, पोर्टवर पाठवणं, त्या सगळ्या जागा मी नावाने शोधून कागदावर उतरवते आणि एकेक डोळ्यांखालून घालते. तिथे कंपायलरची मदत मिळत नाही हे धरूनच चालावं.

दुसरी अडचण खातेउताऱ्याच्या पडद्यावरची. उताऱ्याच्या वर संस्थेचं नाव मधोमध यायचं, ते नव्या आवृत्तीत डावीकडे कोपऱ्यात जाऊन बसलं. कोड जसंच्या तसं, कंपायलर शांत. मूळ लेखकाने तिथे पास्कलचं 'विथ' वापरलं होतं. 'विथ' लिहिलं की पुढच्या ओळींत त्या वस्तूचं नाव पुन्हा पुन्हा लिहावं लागत नाही. इथे ती वस्तू होती ग्रिडच्या खणाचा आयत, आणि आतल्या ओळीत नुसतं 'विड्थ' लिहिलं होतं. जुन्या डेल्फीत आयताला स्वतःचं 'विड्थ' नव्हतं, त्यामुळे कंपायलर फॉर्मची रुंदी घेत असे आणि मध्य बरोबर निघत असे. २०११ च्या आवृत्तीत आयताला 'विड्थ' मिळालं. त्याच शब्दाचा अर्थ त्या दिवसापासून खणाची रुंदी झाला.

हे सापडायला वेळ लागला, कारण प्रोग्रॅम ओळीवर थांबवून आतल्या किमती दाखवणाऱ्या डीबगरनेच चुकीच्या वाटेला लावलं. ओळीवर थांबून 'विड्थ'वर माऊस नेला तर तो फॉर्मची रुंदी दाखवत होता, अगदी हवी तीच. डीबगर 'विथ'च्या आत शिरून अर्थ लावत नव्हता. कंपायलर लावत होता. शेवटी ती किंमत एका स्थानिक व्हेरिएबलमध्ये घेतली आणि ते व्हेरिएबल पाहिलं. चौसष्ट. ग्रिडच्या स्तंभाची ठरलेली रुंदी चौसष्ट पिक्सेल असते, त्यामुळे पुढचं सांगायला कुणी लागलं नाही. मी त्या प्रोग्रॅममधलं प्रत्येक 'विथ' काढलं. चार अक्षरं वाचवण्यासाठी वाचणाऱ्याला आणि यंत्राला वेगवेगळा अर्थ लागेल अशी सोय भाषेत असू नये, हे माझं ठाम मत आहे.

एवढं सगळं माझ्या टेबलावर झालं. बाकीचं टेबलावर होणारं नव्हतं. प्रोग्रॅम शाखेत बसवला, आणि दुसऱ्या सकाळी रोखपाल काकांचा फोन. "ताई, जतनचं बटणच गेलंय हो." माझ्या पडद्यावर बटण होतं. फोनवर उलटसुलट विचारून काही कळेना, म्हणून तिथे गेले. काकांनी डोळ्यांच्या त्रासामुळे विंडोजमधला मजकूर मोठा करून १२५ टक्क्यांवर नेला होता. आमचा फॉर्म सहाशे पिक्सेल उंच. १२५ टक्क्यांत तो साडेसातशे झाला. त्यांचा पडदा १३६६ बाय ७६८. खालचा टास्कबार वजा केला तर साडेसातशे मावतच नाहीत, आणि जतनचं बटण होतं अगदी तळाला. शेजारच्या लिपिक ताईंच्या यंत्रावर सगळं शंभर टक्क्यांवर, म्हणून त्यांना काहीच अडचण नव्हती.

"मी अक्षर बारीक करून घेतो की," काका म्हणाले. मी त्यांना तसं करू दिलं नाही. दिवसभर पैसे मोजणाऱ्या माणसाला आकडे नीट दिसलेच पाहिजेत. जुळवून घ्यायचं ते फॉर्मने. बटणांची पट्टी तळाशी चिकटवली, मधला भाग सरकता केला, आणि उंची पडद्यापेक्षा जास्त झाली तर फॉर्म आपोआप आखडेल असं केलं. माझंही यंत्र मी १२५ टक्क्यांवर लावून पाहिलं, त्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. डेल्फी फॉर्म उघडताना त्या यंत्राच्या प्रमाणात सगळे आकडे बदलतो, आणि जतन केलं की तेच बदललेले आकडे फाइलमध्ये जातात. दोघांनी वेगवेगळ्या प्रमाणाच्या यंत्रांवर तोच फॉर्म उघड-बंद केला की बटणं थोडी थोडी सरकत राहतात. म्हणून फॉर्मची आखणी कायम शंभर टक्क्यांवरच करायची आणि तपासणी बाकीच्या प्रमाणांवर, असा नियम केला.

काकांच्या टेबलाशी उभी होते म्हणून एक गोष्ट दिसली, ती कुणी तक्रार करून सांगितली नसती. यादीत 'कुलकर्णी'चं 'कलकर्णी' दिसत होतं. नाव बरोबर साठवलेलं होतं. ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाची, त्यात खालचा उकार कापला जात होता. देवनागरीला वर वेलांटी-रफारासाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते. 'मंगल' फॉन्ट तर चांगलाच ऐसपैस आहे. ओळींची उंची फॉन्टकडून विचारून घ्यायची, आपण आकडा ठोकायचा नाही, एवढाच उपाय.

शेवटी जुन्या नावांचं रूपांतर. आधीची नावं एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, आणि त्यात अक्षरांचे तुकडे साठत, जसे दिसतात त्या क्रमाने. 'शिर्के' म्हणजे आधी वेलांटी, मग श, मग क, मग मात्रा-रफाराचं एकत्र चिन्ह. त्यामुळेच सभासद यादी कधी वर्णानुक्रमाने लागत नव्हती. युनिकोडमध्ये वेलांटी श च्या मागे न्यायची आणि रफार क च्या आधी. हे नियम बसवता येतात. अडलं ते 'कुऱ्हाडे'पाशी. तयार मिळालेल्या एका रूपांतरकाने त्याचं 'कुर्हाडे' केलं, ह वर रफार देऊन. मराठीतल्या या ऱ ला युनिकोडमध्ये वेगळी जागा आहे, ०९३१; ती त्या तक्त्यात नव्हती. गोऱ्हे, बऱ्हाटे, कुऱ्हाडे ही नावं मुदत ठेवीच्या पावतीवर चुकीची गेली असती. मी तक्ता स्वतः लिहिला, आणि रूपांतरित यादी छापून शाखेत दिली. जुन्या लिपिक ताईंनी ती सभासद रजिस्टरशी ताडून पाहिली. त्यांना माणसं नावानिशी ठाऊक होती, त्यामुळे नियमांतून निसटलेली नावं त्यांनी बोट ठेवून दाखवली.

तुमच्या पतसंस्थेत, सोसायटीत किंवा शाळेच्या कार्यालयात असा जुना प्रोग्रॅम चालत असेल, तर तो लिहिणाऱ्या माणसाशी आजच बोला. सोर्स कोड, वापरलेल्या कंपोनंटची नावं आणि त्यांचाही सोर्स, मराठी फॉन्टचं नेमकं नाव आणि त्याची फाइल, हे सगळं संस्थेच्या ताब्यात घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. आणि नावं ताडून पाहू शकणारी माणसं अजून नोकरीत आहेत तोवर रूपांतर उरकून घ्या. ती निवृत्त झाली की हे काम दुसरं कुणी तितकं नीट करू शकणार नाही.