स्वस्ताईचे मोल

बाजारात गेलेल्या मनुष्याला सर्वांत प्रिय असा शब्द कोणता, असे विचारले तर 'स्वस्त' हेच उत्तर द्यावे लागेल. मेथीच्या जुडीपासून लग्नाच्या शालूपर्यंत कोणतीही वस्तू घेताना चार दुकाने हिंडावी, थोडी घासाघीस करावी आणि दोन पैसे वाचवून समाधानाने घरी यावे, ही रीत फार जुनी आहे. तिच्यात गैर काहीच नाही. कष्टाने मिळविलेला पैसा जपून खर्च करणे हा संसारी मनुष्याचा गुणच होय. आजचा बाजार मात्र मोबाइलच्या काचेवरही भरू लागला आहे. हजारो कोसांवरील दुकान बोटाच्या एका स्पर्शाने उघडते आणि समुद्रापलीकडची वस्तू गल्लीतल्या दुकानातील वस्तूहून स्वस्त दिसते. वास्तविक दूरचा माल वाटखर्चाने महाग व्हावयास हवा. मग हा उलटा न्याय कसा?

त्याचे पहिले कारण उत्पादनाच्या प्रचंड प्रमाणात आहे. चीनमधील झेजियांग प्रांतात यीवू नावाचे शहर आहे. तेथील जमीन फारशी सुपीक नव्हती, म्हणून पूर्वी तेथील फेरीवाले गावोगाव हिंडून गुळासारखी साखर देत आणि तिच्या बदल्यात कोंबड्यांची पिसे घेत. आपल्याकडे जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारोदार हिंडे, तसाच हा प्रकार. 1982 साली त्या गावात किरकोळ वस्तूंचा बाजार रीतसर सुरू झाला. आज तेथे सुमारे 75 हजार गाळे आहेत आणि बटणे, पिना, खेळणी, छत्र्या असा माल तेथून जगभर जातो. एकच वस्तू लाखांच्या संख्येने केली, की नगामागे खर्च अगदी थोडा येतो. तेथील उद्योगी माणसांचे कौतुक करावे तितके थोडेच आहे.

दुसरे कारण टपालाचे. 1874 साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे निरनिराळ्या राष्ट्रांनी मिळून टपालसंघ स्थापन केला. पुढे असे ठरले, की परदेशातून आलेले टपाल घरोघर पोचविण्याचा मोबदला पाठविणाऱ्या देशाने द्यावा. मात्र गरीब देशांकडून तो कमी घ्यावा. हेतू उदात्त होता. परंतु चीन उद्योगधंद्यांत पुष्कळ पुढे गेल्यावरही बराच काळ कमी दराच्या वर्गात राहिला. परिणामी चीनमधून अमेरिकेतील घरी लहानसे पुडके धाडण्यास जो खर्च येई, तो अमेरिकेतल्याच एका गावाहून दुसऱ्या गावी पुडके धाडण्याच्या खर्चाहूनही कमी असे. अखेर 2019 साली जिनिव्हा येथे भरलेल्या बैठकीत हे नियम बदलण्यात आले.

तिसरे कारण आयातकराचे. अमेरिकेने 1938 साली असा नियम केला, की एक डॉलरपर्यंतच्या किरकोळ मालावर कर घेऊ नये. कारण करापेक्षा तो वसूल करण्याचाच खर्च अधिक. चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला कोण घालील? पण ही मर्यादा वाढत वाढत 2016 साली 800 डॉलरवर गेली. गोदामात एकदम हजार सदरे आणणाऱ्या व्यापाऱ्यास कर द्यावा लागे. तेच सदरे हजार पुडक्यांतून हजार घरी गेले, तर कर लागत नसे. थेंबे थेंबे तळे साचे, तसा प्रकार झाला. 2024 च्या आर्थिक वर्षात अशी सुमारे 136 कोटी पुडकी अमेरिकेत आली. युरोपीय संघाच्या देशांत त्याच वर्षी 460 कोटी आली. त्यांतील दहांपैकी नऊंहून अधिक चीनमधून. शेवटी अमेरिकेने 2025 च्या मे महिन्यात चिनी मालासाठी आणि ऑगस्टमध्ये इतर देशांच्या मालासाठी ही सवलत बंद केली.

भारतातही अशी पळवाट होती. पाच हजार रुपयांपर्यंतची भेटवस्तू परदेशातून करावाचून आणता येई. म्हणून विकत घेतलेल्या मालाच्या पुडक्यावरही 'भेट' असे लिहून येऊ लागले. डिसेंबर 2019 मध्ये सरकारने ही सवलत काढून घेतली. अपवाद ठेवले ते दोनच : प्राण वाचविणारी औषधे आणि बहिणीने पाठविलेली राखी. कायद्याच्या रुक्ष भाषेतही राखीला जागा मिळाली, ही गोष्ट मोठी गोड आहे.

दूरच्या बाजाराचे उपकार मात्र नाकारून चालणार नाही. आडगावातील एखाद्या हुशार विद्यार्थ्याला विज्ञानाचा प्रयोग मांडावयाचा असतो आणि त्यासाठी लागणारा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळत नाही. एखादे दुर्मिळ पुस्तक, एखादे विशिष्ट उपकरण घरबसल्या हाती येते. ज्यांना चालवत नाही, ज्यांना वाहन मिळत नाही, त्यांचे श्रम वाचतात. ही सोय खरीच आहे.

परंतु दुरून डोंगर साजरे! चित्रात रेशमासारखे दिसणारे कापड हाती आल्यावर पोत्यासारखे निघते. मग तक्रार कोणाकडे करावयाची? विकणाऱ्याचे नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. परत पाठवावे तर पाठवणावळ वस्तूच्या किमतीहून जास्त. कधी प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. दक्षिण कोरियातील सेऊल शहराच्या प्रशासनाने 2024 साली परदेशी संकेतस्थळांवरून मुलांच्या वस्तू मागवून तपासल्या, तेव्हा काही वस्तूंत घातक रसायने मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक आढळली. भारतात 1 जानेवारी 2021 पासूनच, काही हस्तनिर्मित खेळण्यांचा अपवाद वगळता, खेळण्यांवर आयएसआय ही प्रमाणखूण असणे बंधनकारक केले आहे. ती खूण पाहून घेणे प्रत्येक मुलाला सहज जमण्यासारखे आहे.

वस्तूची किंमत आणि तिचे मोल यांतील अंतर समजून घेण्यासाठी कोल्हापुरी चपलेइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. तिकडे तिला 'पायताण' म्हणतात. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात चामडे कमावावयाचे, त्याचे तळ कापावयाचे, ते चामड्याच्याच वादीने शिवावयाचे आणि बारीक पट्ट्यांची वेणी गुंफून वर बसवावयाची. लोखंडी खिळ्याला तेथे काम नाही. वेणी गुंफण्याचे नाजूक काम बहुधा स्त्रिया करतात. छत्रपती शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिले. 2019 साली महाराष्ट्र व कर्नाटक येथील प्रत्येकी चार जिल्ह्यांच्या या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले; म्हणजे त्या प्रदेशात, त्या पद्धतीने केलेल्या चपलेलाच ते नाव लावण्याचा अधिकार राहिला.

यंत्रावर केलेली, नकली चामड्याची तशीच दिसणारी चप्पल निम्म्याहून कमी किमतीत मिळते. एका पावसाळ्यात तिचा तळ सुटतो आणि ती उकिरड्यावर जाते. खऱ्या पायताणाचा तळ झिजला, तर कारागीर नवा तळ घालून देतो. अंगठा तुटला, तर लावून देतो. त्याने गिऱ्हाइकाचा पाय पाहिलेला असतो, आणि पुढच्या खेपेला तोच पाय आपल्या दारी यावा, ही त्याची इच्छा असते. त्या जोडाच्या पैशातून कमावणारा, कापणारा आणि वेणी गुंफणारी अशा अनेकांच्या चुली पेटतात. त्यांच्या घरचे वाणसामान गावातल्याच दुकानातून येते आणि त्यांची मुले गावातल्याच शाळेत शिकतात. गावचा पैसा गावातच फिरतो, तो असा.

आणि या मोलाची पारख कधी कधी परके करतात! जून 2025 मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीने जे जोडे मांडले, ते हुबेहूब कोल्हापुरी वळणाचे होते. प्रथम कोल्हापूरचे नावही घेतले गेले नव्हते. कारागिरांनी व इतरांनी आवाज उठविल्यावर, हे जोडे भारतातील परंपरागत हस्तकलेवरून स्फुरले आहेत, हे कंपनीने मान्य केले. ज्या पायताणासाठी गिऱ्हाईक दहा-वीस रुपयांची घासाघीस करते, तेच परदेशी मखमलीवर विराजमान झाले.

याचा अर्थ जवळचे ते सर्व चांगले, असा कोणी घेऊ नये. गल्लीतला दुकानदारही कधी वजनात मारतो, कधी जुना माल गळ्यात बांधतो, तर कधी पावती देण्यास कुरकुर करतो. अशा ग्राहकाच्या मदतीस 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. गावकरी आपल्याकडे यावेत असे ज्या दुकानदाराला वाटते, त्याने सचोटी राखलीच पाहिजे. निष्ठा ही दोन्ही बाजूंनी असावी लागते.

ही जाण महाराष्ट्राला पूर्वीच आली होती. परदेशी मालाने पेठा भरून गेल्या होत्या, तेव्हा अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करण्याचा उपक्रम हाती घेतला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले. त्या 'पैसा फंडा'तून 1908 साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. तेथे शिकून तयार झालेल्या माणसांनी इतर ठिकाणी जाऊन ती विद्या पसरविली. एका पैशाला बाजारात फारसे काही येत नसे. पण पुष्कळांनी तो विचारपूर्वक एका ठिकाणी ठेवला, तेव्हा त्यातून कारखाना निर्माण झाला.

आजच्या ग्राहकाच्या हातीही तीच शक्ती आहे. काही घेण्यापूर्वी त्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. ही वस्तू खरोखर हवी आहे काय? ती किती दिवस टिकेल? बिघडली तर कोण दुरुस्त करील? आणि हा पैसा कोणाच्या घरी जाईल? कधी या प्रश्नांचे उत्तर दूरच्या बाजाराकडे बोट दाखवील. तेव्हा तेथून घेण्यास संकोच नको. पुष्कळदा ते शेजारच्या दुकानाकडे वळवील. तेव्हा चार पावले चालण्याचा आळस नको. आणि कधी कधी काहीच घेऊ नये, असेही उत्तर येईल. त्या उत्तराने जी बचत होते, तिच्याहून स्वस्त सौदा कोणत्याच बाजारात मिळत नाही.