‘पास’ म्हणजे काम झाले असे नव्हे

रमजान जवळ आला की घरोघरी जकातीचा हिशोब निघतो. मुले पायथॉन शिकत आहेत, म्हणून यंदा आम्ही सर्वांनी मिळून हा हिशोब त्याच भाषेत मांडायचे ठरवले. त्या निमित्ताने ‘पास’ या छोट्याशा शब्दाशी आमची ओळख झाली.

१९९१ साली गिदो व्हॅन रॉसम यांनी लोकांसमोर आणलेल्या या भाषेत ओळ उजवीकडे सरकवून कोणते काम कशाखाली येते ते ठरते. ‘इफ’ची अट लिहिली की तिच्याखाली सरकवलेली निदान एक ओळ हवीच. ती नसेल तर एरर येते आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. नुसती कॉमेंट लिहूनही भागत नाही. काम नंतर लिहायचे असेल तर तिथे ‘पास’ लिहायचे. अर्थ एवढाच : इथे काही करू नकोस, पुढे चल. ‘कंटिन्यू’ वेगळे. ते लूपची चालू फेरी अर्ध्यावर सोडून पुढची फेरी सुरू करते. ‘पास’नंतरच्या ओळी मात्र नेहमीसारख्या चालतात.

मुलांनी रोख आणि सोन्याचा हिशोब लिहिला. चांदीच्या जागी तूर्त ‘पास’ ठेवले. प्रोग्राम विनातक्रार चालला. मग आम्ही एक उदाहरण कागदावरही करायला सांगितले. निसाब पूर्ण, वर्ष उलटलेले, रोख २,००,००० रुपये आणि चांदी १,००,००० रुपयांची. अडीच टक्क्यांनी कागदावर ७,५०० आले, पडद्यावर ५,०००. एरर मात्र एकही नाही!

“म्हणजे पास वाईट का, अम्मी?” धाकटीने विचारले.

“नाही बेटा. पास जागा राखून ठेवतो, काम करत नाही. ते २,५०० रुपये गरिबांचा हक्क आहे. तो गुपचूप सुटून जाता कामा नये.”

म्हणून आम्ही नियम केला. शिकताना, सांगाडा उभा करताना ‘पास’ खुशाल वापरावा. पण जिथे कोणाचा हक्क किंवा पैसा गुंतला आहे, तिथे ‘रेझ’ लिहून ‘नॉट इम्प्लिमेंटेड’ची एरर उठवावी. त्या ओळीवर प्रोग्राम थांबतो आणि काम बाकी असल्याचे स्वतःच सांगतो. ‘एक्सेप्ट’खाली ‘पास’ लिहून आलेली एरर गिळून टाकणे तर हिशोबात टाळावेच.

चांदीची ओळ लिहून झाल्यावर पडद्यावरही ७,५०० आले. तरीही यंदा जकात काढताना कागद शेजारी ठेवायचा, असे आम्ही ठरवले आहे.