रातकिडा, माशी आणि अण्णांचं मशीन

दोस्तांनो, हे वाचता वाचता एक गंमत करून पाहा. अंक तसाच हातात ठेवा, डोळे मिटा आणि मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजा. तेवढ्या वेळात कानावर किती आवाज पडतात ते बघा. पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी, रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्न, वरच्या मजल्यावर कुणीतरी सरकवलेली खुर्ची, कुठेतरी चालू असलेला टीव्ही... सात-आठ तरी सहज भरतील. आता सांगा, डोळे मिटण्याआधी यातले किती ऐकू येत होते? कानात तर सगळेच शिरत होते. पण तुम्ही वाचत होतात, म्हणून तुमच्या मेंदूनं त्यांना दाराबाहेरच थांबवलं होतं. आणि तेवढ्यात कुणी तुमचं नाव घेऊन हाक मारली असती तर? ती मात्र बहुधा थेट आत आली असती. (आईची हाक कधीकधी ‘ऐकूच आली नाही’ असं आपण सांगतो, पण ती गोष्ट वेगळी!)

म्हणजे बघा, ऐकणं हे नुसत्या कानाचं काम नाही. शंभर आवाजांतून हवा तो निवडायचा आणि नको ते बाजूला सारायचे, यालाच खरं ऐकणं म्हणतात. जो आवाज आपल्याला हवा असतो त्याला शास्त्रज्ञ ‘सिग्नल’ म्हणतात, आणि उरलेल्या सगळ्याला ‘नॉइज’, म्हणजे गोंगाट. एकाचा सिग्नल हा दुसऱ्याचा गोंगाट असू शकतो. क्रिकेटची कॉमेंट्री बाबांना सिग्नल, पण परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या ताईला ती नुसती कटकट!

मी याचा विचार करायला लागले ते आमच्या अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील, माझ्या मुलांचे आजोबा. त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. फळ्याकडे तोंड करून उभे असले तरी शेवटच्या बाकावरची कुजबुज त्यांना बरोबर ऐकू यायची! पण पंच्याहत्तरी ओलांडली आणि हळूहळू ऐकू येणं कमी झालं. मग कानाची तपासणी झाली आणि कानाचं मशीन आलं. पहिल्या दिवशी अण्णा लहान मुलासारखे खूश होते. “अगं, वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी आवाज येतो की!” असं दहा वेळा म्हणाले.

पुढे दिवाळीला सगळी भावंडं घरी जमली. पंधरा-वीस माणसं, फराळाच्या ताटल्यांचा खणखणाट, मुलांचा दंगा. थोड्या वेळानं अण्णांनी गुपचूप मशीन काढलं आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिलं. माझ्या धाकटीच्या ते बरोबर लक्षात आलं.

“आजोबा, मशीन का काढलंत?”

“बाळा, सगळं ऐकू येतंय गं. पण कोण काय बोलतंय ते काही कळत नाही.”

त्यानंतर अण्णा एका कोपऱ्यात बसून राहिले. सगळे हसले की तेही हसायचे, पण कशाला हसतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं. एवढी गोष्टीवेल्हाळ स्वारी, पण भरल्या घरात एकटी पडली होती.

असं का झालं असेल? कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला ते छान समजावून सांगितलं. आपल्या कानाच्या अगदी आतल्या भागात गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण १५ ते १६ हजार. आवाजानं हे तंतू हलतात आणि मेंदूकडे निरोप जातो. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, तीव्र आवाज टिपतात आणि आतल्या टोकाकडच्या पेशी जाड, खर्जातले आवाज टिपतात. वय वाढलं की बहुतेक वेळा तोंडाशी असलेल्या पेशी आधी निकामी होतात. आता गंमत बघा. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले. पण स, श, फ यांसारख्या व्यंजनांतली ‘सूं-फूं’ असते वरच्या पट्टीतली. ती निसटली की ‘सात’, ‘हात’ आणि ‘खात’ हे तिन्ही शब्द सारखेच वाटायला लागतात. आवाज पोचतो, पण शब्द वाटेतच हरवतो.

या पेशी एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या पिल्लांच्या आणि इतर पक्ष्यांच्या कानात मात्र त्या पुन्हा तयार होतात! १९८८ मध्ये शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं, आणि तेव्हापासून ‘मग माणसाच्या कानात का नाही?’ या प्रश्नाचा पाठपुरावा चालू आहे.

मशीन काय करतं? आवाज मोठा करतं. पण बोलण्याबरोबर ताटलीचा खणखणाटही मोठा झाला, तर उपयोग काय? हवा तो आवाज निवडणार कोण? या प्रश्नाचा माग काढता काढता मी एका माशीपर्यंत जाऊन पोचले. हो, माशीच! पण तिला भेटण्याआधी एका गवयाला भेटायला हवं.

हा गवई तुमच्या ओळखीचा आहे. पावसाळ्याच्या रात्री ‘किर्रर्र’ करणारा रातकिडा. रातकिडा तोंडानं गात नाही. त्याच्या एका पंखावर करवतीसारखे बारीक दाते असतात. दुसऱ्या पंखाची कड त्यावर घासली की आवाज निघतो. गातो फक्त नर, आणि तो गातो मादीला बोलावण्यासाठी. मादीचे कान कुठे असतात ओळखा पाहू? तिच्या पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली! प्रत्येक जातीच्या रातकिड्याचा ताल वेगळा असतो, आणि मादीला आपल्याच जातीचा ताल आवडतो. दहा गवई एकदम गात असले तरी ती आपला गवई बरोबर शोधते.

पण ती आवाजावरूनच येते, वासावरून नाही, हे कशावरून? योहान रेगन नावाच्या संशोधकांनी १९१३ मध्ये यासाठी एक झकास युक्ती केली. त्यांनी नर रातकिड्याचं गाणं चक्क टेलिफोनवरून ऐकवलं! तारेच्या दुसऱ्या टोकाला मादी होती. तिथे नर नव्हता, त्याचा वासही नव्हता. तरी मादी टेलिफोनच्या दिशेनं चालत निघाली. माणसांसाठी बनवलेल्या यंत्रावर एका किड्याचा निरोप दुसऱ्या किड्याला पोचला. आहे की नाही मजा?

आता माशीची पाळी. गाणं म्हटलं म्हणजे ते हव्या त्या कानापर्यंत जातं, तसं नको त्या कानापर्यंतही जातं. १९७५ मध्ये विल्यम केड या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये स्पीकरवर रातकिड्याचं गाणं लावलं, आणि तिथे येऊन बसल्या माश्या! या माशीचं नाव ऑर्मिया ओक्रेसिया. तिची मादी अंधारात रातकिड्याचं गाणं ऐकत उडत येते आणि त्याच्या अंगावर किंवा आसपास बारीक अळ्या सोडते. अळ्या त्याच्या शरीरात शिरतात, आणि आठवड्याभरात आपला गवई मरतो. गाणं एकच. रातकिड्याच्या मादीला ते लग्नाचं आमंत्रण वाटतं, तर माशीला जेवणाचं!

पुढे हवाई बेटांपैकी कौआई बेटावर तर नवलच घडलं. तिथेही ही माशी पोचली होती. मार्लिन झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जाहीर केलं, की तिथले बहुतेक नर रातकिडे मुके झाले आहेत. त्यांच्या पंखांवर गाण्याचे दातेच धड उरले नव्हते. हा बदल वीसहून कमी पिढ्यांत झाला होता! मुके नर माशीपासून वाचले, पण मादीला ते सापडणार कसे? तर जे थोडे गाणारे उरले होते, त्यांच्या आसपास हे मुके नर जाऊन बसत. गाणं एकाचं, आणि बोहल्यावर चढणार भलताच!

आता मुद्द्याची गोष्ट. आवाज कुठून आला हे आपल्याला कसं कळतं? आपले दोन कान बऱ्यापैकी लांब आहेत. उजवीकडून हाक आली तर ती उजव्या कानात आधी पोचते आणि डाव्या कानात किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. या माशीचे कान मात्र तिच्या डोक्यामागे, छातीवर असतात, आणि दोघांत अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर! तिच्या दोन कानांत आवाज पोचण्यातला जास्तीत जास्त फरक म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातला दीड भाग. एवढ्यावरून दिशा कळणं अशक्यच वाटतं. तरी ही माशी दिशा ओळखते, आणि ती इतकी अचूक, की २००१ च्या एका प्रयोगात तिची चूक अवघी दोन अंशांच्या आसपास निघाली. तुमच्या कंपासपेटीतल्या कोनमापकावर दोन अंश किती असतात ते एकदा बघाच.

हे गुपित १९९० च्या दशकात रोनाल्ड माइल्स, डॅनियल रॉबर्ट आणि रोनाल्ड हॉय या तिघांनी उलगडलं. माशीच्या कानांचे दोन पडदे सुटे नसतात, ते मधे एका छोट्या पुलानं जोडलेले असतात. बागेतला सीसॉ आठवा. एका टोकावर कुणी बसलं की दुसरं टोक वर जातं. या पुलामुळे ज्या बाजूनं आवाज येतो तिकडचा पडदा जास्त हलतो आणि दुसरा कमी. एवढासा फरक कितीतरी पटींनी वाढतो. माइल्स हे मुळात इंजिनिअर. त्यांच्या मनात आलं, की असाच सीसॉ बनवला तर? मग त्यांनी माशीच्या कानावरून इवलेसे मायक्रोफोन बनवायला घेतले. समोरून येणारं बोलणं जास्त टिपायचं आणि बाजूचा गोंगाट कमी, हा त्यामागचा हेतू. कुणासाठी? आमच्या अण्णांसारख्या, कानाचं मशीन वापरणाऱ्या माणसांसाठी! रातकिड्याच्या जिवावर उठलेली माशी आजी-आजोबांच्या कामी यावी, याला काय म्हणावं?

पण थांबा, अजून एक अडचण उरतेच. समोर बसलेला माणूस बोलतोय, पण मला बाजूच्या नातवाचं बोलणं ऐकायचं असेल तर? मशीनला दिशा कळेल, पण माझी आवड कशी कळणार? कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये हाच प्रश्न अभ्यासला होता. गर्दीच्या समारंभात आपण एकाचंच बोलणं कसं ऐकतो? २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात निमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी त्याची झलक थेट मेंदूत पाहिली. फिट येण्याच्या आजारावरच्या उपचारासाठी काही रुग्णांच्या मेंदूवर तारा बसवलेल्या होत्या. त्यांना एकाच वेळी दोन माणसांचे आवाज ऐकवले. दोन्ही आवाज कानात शिरत होते, पण मेंदूच्या ऐकण्याच्या भागात ठसा उमटला तो मुख्यतः ज्याच्याकडे लक्ष होतं त्याचाच! मेंदूतला हा ठसा ओळखून हवा तोच आवाज मोठा करणारं मशीन बनवायचं संशोधन आता चालू आहे.

ते मशीन येईल तेव्हा येईल. तोवर ही निवड सोपी करणं आपल्या हातात आहे. आमच्या घरी आता काही नियम आहेत, आणि ते पाळले जातात की नाही यावर धाकटीची कडक नजर असते. अण्णांशी बोलताना टीव्ही बंद. बोलणाऱ्यानं त्यांच्या समोर बसायचं, चेहऱ्यावर उजेड हवा, म्हणजे ओठांची हालचाल दिसते. एका वेळी एकानंच बोलायचं. आणि ओरडायचं नाही! ओरडल्यानं स्वर मोठे होतात, निसटणारी व्यंजनं काही तेवढी मोठी होत नाहीत. त्यापेक्षा सावकाश, स्पष्ट बोललेलं चांगलं. यंदाच्या दिवाळीत अण्णांनी मशीन काढलं नाही. उलट फराळ संपल्यावर नातवंडांना तीन कोडी घातली आणि एकाचंही उत्तर सांगितलं नाही.

तुमच्या स्वतःच्या कानांबद्दलही एक सांगायचंय. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसांनीही आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि आवाज जसा वाढेल तसे हे तास भराभर कमी होतात. तेव्हा इयरफोनचा आवाज कमी ठेवा आणि मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहू नका. त्या पेशी परत उगवायला आपण काही कोंबडीची पिल्लं नाही!

आणि शेवटचं, पण सगळ्यांत महत्त्वाचं. घरातलं मोठं माणूस कधी “काय म्हणालास?” किंवा “काय म्हणालीस?” असं विचारतं. कधी दुसऱ्यांदा विचारतं, कधी तिसऱ्यांदाही. तेव्हा “जाऊ दे, काही नाही” असं म्हणू नका. त्या तीन-चार शब्दांनी माणूस कोपऱ्यात जाऊन बसतो. त्यांना तुमचंच बोलणं ऐकायचं असतं, म्हणून तर ते पुन्हा विचारतात. जवळ जा, समोर बसा आणि पुन्हा एकदा सांगा.