खर्ड्याचा तह

खर्डा म्हटलं की कोल्हापूरकडच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं आणि कारकुनाच्या कपाळाला घाम. आमचं खर्डा या दोन्हींहून वेगळं, जामखेड तालुक्यातलं गाव आहे, हे मला दर पाहुण्याला सांगावं लागतं. तिथल्या बँकेत मी गेली अठरा वर्षं खर्डेघाशी करतो असं म्हटलं की पाहुणा हसतो. मी हसत नाही. विनोद जुना झाला, आणि मीही.

गावाला किल्ला आहे. 1795 च्या मार्चमध्ये मराठ्यांनी निजामाला याच किल्ल्यात कोंडलं. शाळेत ही लढाई शौर्याची म्हणून शिकवली. बँकेत लागल्यावर कळलं की ती वसुलीची होती. निजामाकडे चौथाईची बाकी वर्षानुवर्षं तुंबलेली. नाना फडणविसांनी मागणी केली, तर निजामाचा दिवाण म्हणाला म्हणे, की हिशेब समजावायला नानांनी स्वतः हैदराबादला यावं! थकबाकीदाराची ही भाषा मी काउंटरवर रोज ऐकतो. मग लढाई झाली आणि निजामानं तीन कोटी रुपये द्यायचं कबूल केलं.

दोन वर्षांपूर्वी मीही असाच एक तह केला. फरक इतकाच, की मी किल्ल्याच्या आतल्या बाजूला होतो.

झालं असं, की एका दुसऱ्या बँकेचं क्रेडिट कार्ड मी घेतलं होतं. (बँकेतला माणूस दुसऱ्या बँकेकडे का जातो, हे हलवायाला विचारा, तोही स्वतःच्या दुकानातली मिठाई खात नाही.) फ्रिज, मेव्हणीच्या लग्नातला आहेर, मुलीचा मोबाईल असे साठ हजार झाले. बिलावर एक मोठा आकडा असतो आणि एक गोंडस छोटा, किमान रक्कम. मी छोटा भरत गेलो. मी बी. कॉम. आहे, चक्रवाढ व्याजात मला पैकीच्या पैकी मार्क होते. तरीही तीन हजार भरले की साठाचे सत्तावन्न उरले, असाच माझा समज. प्रत्यक्षात दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज 2,100, त्यावर 18 टक्के जीएसटी 378, आणि मुद्दलापर्यंत पोचले 522. देवाला आख्खा नारळ वाहावा आणि पुजाऱ्यानं हातावर करवंटी ठेवावी, तसं.

पुढे आईचं आजारपण आलं, छोटा आकडाही जमेना. बिल 84,000 वर गेलं आणि फोन सुरू झाले. मी थकबाकीदारांना जे बोलतो तेच शब्द, फक्त हिंदीतून. शेवटी ठरलं, 45,000 एकरकमी भरा, बाकी सोडतो. 39,000 वाचले! मी घरी पेढे नेले. निजामानंही वाटले असतील. कारण पुढच्याच वर्षी पेशवाईत भाऊबंदकी माजली, नानांनाच त्याची गरज पडली आणि 1796 च्या महाडच्या तहात खर्ड्याची उरलेली बाकी माफ झाली. निजाम सुटला. त्याचं नशीब, सिबिल 2000 साली स्थापन झालं.

मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि मी शैक्षणिक कर्जाचा अर्ज केला, आमच्याच शाखेत. मॅनेजरसाहेब माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. त्यांनी केबिनचं दार आपल्या हातानं लावून घेतलं, तेव्हाच पोटात गोळा आला.

“भाऊसाहेब, तुमचा स्कोअर 611 आहे.”

हा आकडा 300 पासून 900 पर्यंत असतो आणि 750 च्या वर असला की बँका खुर्ची देतात. खाली माझ्या कार्डासमोर शब्द होता, ‘सेटल्ड’. मुलगा सेटल्ड आहे असं स्थळ सांगताना म्हणतात, त्यामुळे मला तो चांगलाच वाटला होता. साहेबांनी हळूच अर्थ सांगितला: पूर्ण पैसे न देता सुटलेला. हवा होता ‘क्लोज्ड’. हे मी सांगायला नको, पण त्याच आठवड्यात आमच्या चहावाल्याचा अहवाल मीच छापला होता. म्हशीच्या कर्जाचा एकही हप्ता न चुकवलेला, 781. त्याच्याकडे माझी चहाची उधारी आहे.

घरी सांगितलं. ही काही बोलली नाही, हे जास्त वाईट. उठून भिशीचे 39,000 आणून समोर ठेवले.

“अहो, पेढे मात्र आणू नका.”

बाकी भरली, नाहरकत पत्र मिळालं, ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ झालं. पण स्कोअर काही पेट्रोलचा भाव नाही, रात्रीत वाढायला. उशिरा भरलेले महिने अहवालात 36 महिने दिसत राहतात. जानेवारी 2025 पासून बँका ही माहिती पंधरवड्याला कळवू लागल्या, म्हणून मी पंधरवडे मोजू लागलो. अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मी चारही संपवले. तिकडे फी भरायला नऊ दिवस उरले. मुलगी “बाबा, राहू दे, नगरलाच घेते” म्हणाली, तेव्हा मी किल्ल्याकडे फिरायला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनीच विचारलं, “वहिनींच्या नावावर काही कर्ज होतं का?” होतं की. शिलाई मशीनसाठी घेतलेलं मुद्रा कर्ज. हप्त्याच्या दिवशी ही माझ्याच काउंटरसमोर रांगेत उभी राहायची आणि मी म्हणायचो, “अगं, पुढच्या महिन्यात भर, कोण विचारतंय!” ही भरून पावती घेऊन जायची.

774.

सहकर्जदार म्हणून हिनं सही केली. पेन माझंच होतं. मग साहेबांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि अगदी खाली बोट ठेवलं. तिथं छापलं होतं, ‘साक्षीदार’.