पट्टा नवा, चढ जुनाच

मैत्रिणींनो, दुरुस्त होऊन आलेली वस्तू आधीपेक्षा वाईट चालते, हा अनुभव तुम्हालाही असेलच. मिक्सर असो, शिलाई मशीन असो. दुरुस्त करणारा दुकानदार असला तर आपण त्याला चार शब्द सुनावून मोकळ्या होतो. पण दुरुस्ती जर आपल्या 'ह्यां'नीच केलेली असेल तर? तेव्हा जीभ आवरावी लागते. मी ती आठ दिवस आवरली, आणि त्याचा भुर्दंड माझ्या सासूबाईंना पडला.

आमची बिनगिअरची स्कूटर नऊ वर्षांची. साताऱ्याच्या चढउतारांवर बाजार, बँक, सासूबाईंचे डॉक्टर, सगळं तिच्याच जिवावर. श्रावणाच्या तोंडाशी तिच्यातून खरखर येऊ लागली. गॅरेजमध्ये सांगितलं, पट्टा झिजलाय, रोलरही बदला. हे नुकतेच निवृत्त झालेले. हातात वेळ आणि कपाटात पान्ह्यांचा कोरा संच! "एवढ्यासाठी गॅरेज कशाला?" म्हणत एका रविवारी अंगणात जुनी चादर अंथरून बसले. चार तास आणि तीन चहा झाले. संध्याकाळी हात काळेकुट्ट, पण चेहरा असा उजळलेला, की मी मुकाट्यानं पोह्यांवर जास्त खोबरं घातलं.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि माझ्या लक्षात आलं, काहीतरी बिनसलंय. जागेवरून निघताना गाडी उचलेना. इंजिनाचा आवाज जड, दबलेला. पोटभर जेवलेल्या माणसाला जिना चढायला लावावा तशी तिची गत. सपाटीवर एकदा पळू लागली की बरी, पण जरासा चढ आला की जीव टाकायची. संध्याकाळी मी हळूच म्हटलं, "अहो, गाडी जरा जड वाटतेय का?"

"नवा पट्टा आहे. बसायला वेळ लागतो," हे म्हणाले. "आणि तू अ‍ॅक्सिलरेटर फार जपून देतेस."

झालं! मी गप्प बसले. आपल्याला काय कळतंय त्यातलं, असंही मनात आलंच. येतंच ना आपल्या मनात?

पुढच्या सोमवारी सासूबाईंना घेऊन यवतेश्वराला निघाले. श्रावणी सोमवारी तिथल्या महादेवाचं दर्शन, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. निम्मा घाट कसाबसा चढलो आणि गाडीनं मान टाकली. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला तरी चालत्या माणसाच्या वेगानंही जाईना. शेवटी सासूबाई उतरल्या, पदर खोचला आणि कडेकडेनं चालू लागल्या. या वयात! मी शरमेनं अर्धी झाले. वर त्याच मला म्हणतात, "माझंच वजन वाढलं असेल गं. पुढल्या सोमवारी मी घरूनच हात जोडीन."

चिमणीएवढा त्यांचा जीव! ते ऐकून माझ्या घशाशी आवंढा आला. बाईमाणूस बघा कसं असतं. बिघाड यंत्रात, आणि दोष कुणी स्वतःच्या हाताला लावतं, कुणी स्वतःच्या वजनाला.

रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, "तुमच्या कामाला नावं ठेवत नाही. पण गाडी चढावर आधी चढत होती, आता चढत नाही. मधे झालं ते फक्त तुमचं काम." हे बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "उद्या उघडू. पण तू शेजारी बस." तीस वर्षांच्या संसारात मला पान्हा धरायला पहिल्यांदाच बोलावणं आलं!

शेजारी बसले म्हणून ते यंत्र मला कळलं. तुम्हालाही सांगते, अवघड नाही. दोन बशा पाठीला पाठ लावून धरल्या, की कडेला जशी खाच होते, तशी खाच असलेली एक पुली पुढे इंजिनाजवळ आणि एक मागे चाकाकडे. दोन्हींवरून पट्टा फिरतो. पुढच्या पुलीच्या आत सहा रोलर असतात. ताक जोरात घुसळलं की भांड्याच्या कडेला चढतं, तसे इंजिनाचा वेग वाढला की रोलर बाहेर फेकले जातात आणि एका बशीला दुसरीकडे ढकलतात. खाच अरुंद झाली की पट्टा पुढे वर चढतो आणि मागच्या पुलीत खाली उतरतो. हाच गाडीचा 'गिअर'. युक्ती जुनीच. हॉलंडमध्ये १९५८ साली डाफ मोटारीत ती आली, आणि आपल्याकडे १९८४ पासून कायनेटिक होंडानं ती घरोघरी पोचवली.

आता आमचा तपास ऐका. आधी गाडी मुख्य स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवून पाहिलं. ब्रेक चिकटत असला तरी गाडी जड होते. चाक सुरळीत फिरलं. टायरची हवाही ठीक होती. मग रोलरचं वजन. ते हलके बसले तर इंजिन नुसतं किंचाळतं आणि गाडी त्या मानानं पळत नाही. जड बसले तर इंजिन दबतं आणि चढ झेपत नाही. हे म्हणाले, "तुझ्या सांगण्यावरून जडच बसलेत." पण डब्यावरचा क्रमांक आमच्याच गाडीचा होता.

मग बाजूचं झाकण काढलं आणि खरी खूण तिथेच दिसली. गाडी बंद असताना पट्टा पुढच्या पुलीत तळाशी आणि मागच्या पुलीत अगदी कडेला असायला हवा. आमचा पट्टा पुढे निम्म्यावर चढूनच बसला होता. म्हणजे गाडी रोज जणू तिसऱ्या गिअरमध्ये सुरू होत होती! मग घाट कसा चढणार?

पुढची पुली सोडवली. सहांपैकी पाच रोलर आपापल्या खाचेत, आणि सहावा बाहेर निसटून आडवा अडकलेला. त्याच्यामुळे खाच पुरती उघडतच नव्हती. चूक एवढीच, की पुली बसवताना मागची ताटली बोटानं दाबून धरावी लागते. ती जराशी सरकली आणि रोलर निसटला. निसटलेला रोलर एका बाजूनं चेपलाही होता. नवा संच आणून सहाही रोलर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून पाहिले. साखर तोलायच्या काट्याला त्या दिवशी भलताच मान मिळाला!

या वेळी ताटली मी दाबून धरली आणि पुली ह्यांनी बसवली. आणखी एक गोष्ट केली. पुढचा नट आवळण्याआधी पट्टा मागच्या पुलीत खोल दाबून घेतला, म्हणजे तो पुढे सैल राहतो. नाहीतर पट्टाच दोन बशांच्या मधे चिमटतो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पुढे सुटतो. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेनंच हवा. पट्ट्याला ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही, नाहीतर तो घसरतो. आणि नट शेवटचा आवळायला आम्ही गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली. तो ठराविक जोरानंच आवळायचा असतो, त्याचा खास पान्हा त्यांच्याकडे असतो. तिथे ह्यांनी स्वतःच सांगितलं, "माझ्याकडून रोलर निसटला होता. हिनं ओळखलं." इतक्या वर्षांत कुठल्या दागिन्यानं मला इतकं सुख दिलं नसेल!

मैत्रिणींनो, गाडी तुम्ही उघडा असं मी म्हणत नाही. पण गॅरेजमधून आणताना आधी नेहमीच्या चढावर एक फेरी मारून बघा. आवाज किंचाळता की दबलेला, निघताना जड की पळताना अडते, हे नीट सांगा. 'बरोबर चालत नाही' एवढंच सांगितलं, तर 'चालवण्यात चूक आहे' हे उत्तर ठरलेलं. रोज गाडी हाताळणाऱ्या बाईचे हात खोटं सांगत नाहीत. आणि दुरुस्ती घरच्या माणसाची असली तरी आठ दिवस थांबू नका. गोड शब्दांत, पण त्याच दिवशी सांगा.

पुढल्या सोमवारी सासूबाईंना बळेबळेच मागे बसवलं. निम्मा घाट आला तशी त्यांनी माझा खांदा घट्ट धरला, उतरायच्या तयारीनं. गाडी तशीच चढत राहिली. वर पोचल्यावर उतरून त्यांनी पदर सारखा केला आणि समाधानानं म्हणाल्या, "बघ, उपासानं वजन उतरलं की नाही माझं!"

मी हो म्हटलं.