एडिसन गावातल्या माळा

न्यू जर्सीत, आमच्या एडिसनमध्ये, ख्रिस्टी स्ट्रीटवर एक मनोरा आहे; माथ्यावर भलामोठा काचेचा दिवा. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथेच होती. ३१ डिसेंबर १८७९ ला त्यानं लोकांना विजेचा दिवा दाखवला तो इथेच. तीन वर्षांनी त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं न्यूयॉर्कच्या घरात ८० दिव्यांचं ख्रिसमस ट्री उजळलं. माळांची ही सगळी हौस तिथली!

आता त्याच्याच गावात त्याचा दिवा आम्ही उतरवतोय. जुन्या मोठ्या माळेतला एकेक दिवा सात वॅटचा. पंचवीसची माळ १७५ वॅट खायची. एलईडीचं दहा-पंधरा वॅटमध्ये भागतं. रॉकफेलर सेंटरचं झाड २००७ मध्ये एलईडीवर गेलं, तेव्हा रोजचा खर्च ३,५१० युनिटवरून १,२९७ वर आला. आपली तर दिवाळीला चढलेली माळ नाताळ उलटेपर्यंत उतरत नाही.

भांडण आहे ते रंगाचं. साताऱ्याहून आलेल्या आईला पांढरा एलईडी बघवत नाही. “दवाखाना वाटतो रे!” म्हणून खोक्यावर २,७०० केल्व्हिन बघूनच घ्या. पणतीचा उजेड १,९०० च्या आसपास. तेवढं अंतर राहतंच. उंबऱ्याशी ती तेलाच्या पणत्याच लावते, नोव्हेंबरचा वारा टिकू देईल तेवढा वेळ.