बिहारची गर्दी आणि माझं बदललेलं मत

लोकसंख्येवर कडक कायदा केल्याशिवाय बिहारचं काही खरं नाही, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आले. वर्गात भूगोल शिकवताना म्हटलं, घरी जेवताना म्हटलं, पाटण्याहून येणाऱ्या गाडीतली गर्दी पाहून तर जास्तच ठासून म्हटलं. आता म्हणत नाही. त्याची कारणं मांडावीशी वाटतात, कारण माझ्या ओळखीच्या अनेक भल्या, विचारी माणसांचं अजूनही तेच मत आहे.

ते मत हवेतलं नव्हतं. २०११च्या जनगणनेत बिहारमध्ये १० कोटी ४१ लाख लोक होते, महाराष्ट्रात ११ कोटी २४ लाख. माणसं जवळपास तेवढीच, पण जमीन आपल्या एक तृतीयांशाहूनही कमी. तिथे चौरस किलोमीटरला ११०६ माणसं, आपल्याकडे ३६५. शंभरातले जवळजवळ ८९ जण खेड्यात राहणारे, आणि वहिवाटीची जमीन सरासरी ०.३९ हेक्टर, म्हणजे एकरभरसुद्धा नाही. तेवढ्यात चार भावांनी काय पिकवायचं आणि काय खायचं? हा प्रश्न मला आजही तितकाच अवघड वाटतो. माणसं हीच संपत्ती, असं म्हणून तो सुटत नाही.

माझ्या मताला पहिला धक्का दिला हिमाचल प्रदेशाने. तो बिहारपेक्षाही किंचित जास्तच ग्रामीण. शंभरातले ९० लोक खेड्यात. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तिथे एका बाईमागे सरासरी १.७ मुलं, आणि बिहारमध्ये ३. मग खेडेपणाला दोष कसा देणार? दाटीवाटीलाही देता येईना. केरळात २०११ साली चौरस किलोमीटरला ८६० माणसं होती आणि त्याच सर्वेक्षणात तिथला आकडा १.८ होता. फरक दिसला तो वेगळ्याच रकान्यात. २०११ साली हिमाचलातल्या ७६ टक्के स्त्रिया साक्षर होत्या, बिहारमधल्या जेमतेम ५१ टक्के.

नंतर मी आपल्याच राज्याचे जुने तक्ते काढून बसले, आणि तिथे माझा सगळा युक्तिवाद कोसळला. १९९२-९३ साली महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी २.९ मुलं होती. म्हणजे २०१९-२१चा बिहार या बाबतीत १९९२-९३च्या आपल्याइतकाच होता. १९९८-९९ पर्यंत आपण २.५ वर आलो होतो. हे कोणत्या कायद्याने घडलं? आणीबाणीत, १९७६ साली, आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमत केलं खरं, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलंच नाही. ग्रामपंचायत निवडणुकीतली दोन अपत्यांची अट लागू झाली २००१मध्ये, आकडा खाली आल्यावर. ज्या कायद्याची मी बिहारसाठी मागणी करत होते, तो माझ्या राज्यावर कधी लागू झालाच नव्हता. आमच्या घराघरांतली मुलं कमी झाली ती मुली शिकल्या, लग्नाचं वय वाढलं, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली आणि जन्मलेलं मूल जगेल असा भरवसा आला म्हणून. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणाऱ्या र. धों. कर्वे यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांनी बाईचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क मांडला होता. सक्तीची भाषा बोलताना मला ते कधी आठवलं नाही.

आणि बिहार काही थांबून राहिलेला नाही. २००५-०६मध्ये तिथे शंभरातली फक्त २० बाळंतपणं दवाखान्यात होत, २०१९-२१मध्ये ७६. पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं हजारी ८५वरून ५६वर आली. ५६ हा आकडासुद्धा काळजाला घरं पाडणारा आहे. पण याच काळात एका बाईमागची मुलं ४वरून ३वर आली.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते सायकलींनी. २००६मध्ये बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. हायस्कूल गावापासून लांब, वाट एकटीची, म्हणून आठवीनंतर मुलगी घरी बसायची आणि घरी बसली की तिच्या लग्नाचं बघायचं, हा क्रम मोडायला तेवढं निमित्त पुरलं. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. वयानुसार हायस्कूलमध्ये असणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुला-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली, आणि शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत फरक जास्त पडला. शाळेत काढलेलं प्रत्येक वर्ष मुलीचं पहिलं बाळंतपण पुढे ढकलतं. तिथल्या खेड्यांतून मुलींचे घोळके सायकलींवरून शाळेला निघाले, ही मला गेल्या वीस वर्षांतली फार मोठी घटना वाटते.

अजून पुष्कळ बाकी आहे. २०१९-२१च्या सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या तरुणींपैकी ४१ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. दहा वर्षं तरी शाळेत गेलेल्या स्त्रिया २९ टक्केसुद्धा नव्हत्या. २०२३च्या जातनिहाय सर्वेक्षणात लोकसंख्या १३ कोटी ७ लाख भरली, आणि त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त कुटुंबांचं उत्पन्न महिना सहा हजारांच्या आत. ही माणसं जन्माला आलेली आहेत. उद्या कायदा केला तरी त्यातलं एकही पोट कमी होणार नाही. जन्मदर घसरला तरी आज शाळेत असलेली पिढी आपापले संसार थाटेल आणि आकडा काही काळ वाढतच राहील.

शिवाय तो कायदा कुणाच्या अंगावर पडला असता, याचा मी विचारच केला नव्हता. नवरा सुरतेला, लुधियान्याला नाहीतर आपल्या भिवंडीत. गावाकडे पोरं, म्हातारी सासू आणि शेत बाईच्या गळ्यात. २०१९-२१मध्ये बिहारमधल्या ३५ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती, पुरुषांची हजारी एक. म्हणजे भार आधीच तिच्यावर आहे, आणि सक्ती आली असती तर तीही तिच्याच वाट्याला गेली असती. म्हणून आता बिहारचा विषय निघाला की मी कायदा मागत नाही. सायकलने गाठता येईल इतक्या अंतरावर हायस्कूल, तालुक्याच्या दवाखान्यात कायम हजर असणारी बाई डॉक्टर, दोन मुलांत अंतर ठेवण्याची साधनं आशाताईंच्या पिशवीत बारा महिने, आणि नसबंदीच्या शिबिरात पुरुषांची रांग, एवढं मागते.